शंभरात एक

"शंभरात एक," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता रउफ होजा म्हणाले. "पहिल्या वाटीत केसांची शंभर मुळं. कापलं गेलंय एकच."

होजांच्या दोन्ही जावयांनी त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची तपकिरी चामड्याची होती आणि होजांच्या कोपराने तिचा एक हात झिजला होता. शुक्रवारी होजा, म्हणजे सगळ्यांचे गुरुजी, निवृत्त होणार होते. शिश्ली पेठेतला हा दवाखाना, केस रोवण्यातलं त्यांचं नाव आणि ही खुर्ची, सगळं एकालाच मिळायचं होतं. दुसऱ्याने आपलं बिऱ्हाड दुसरीकडे मांडायचं. थोरल्या मुलीने फोनवर सांगितलं होतं, "माझ्या नवऱ्याला खुर्ची नाही, तर ईदेला मी नाही." तीन मिनिटांनी धाकटीचा फोन आला. शब्द तेच होते, रडणं थोडं जास्त होतं.

म्हणून होजांनी परीक्षा लावली. केस रोवणाऱ्याचं कसब बोलण्यात नसतं, वाटीत असतं. डोक्याच्या मागून केस मुळासकट काढायचा. मूळ कापलं गेलं तर तो केस मेला, पुढे कितीही मायेने लावा. डोकं एकच ठरलं, इमारतीतल्या चहावाल्या हिदिरचं. डावी बाजू थोरल्या जावयाची, तायफुनची. उजवी धाकट्याची, लेवेंतची. एकाचं चालू असताना दुसऱ्याने खालच्या मजल्यावर थांबायचं. मदतीला दोन्ही वेळा परिचारिका नेबाहत. वाट्यांवर नाव नाही, नुसता आकडा. होजा स्वतःही बाहेर बसले. पक्षपात केला असं उद्या कुठली मुलगी म्हणायला नको.

"दुसरी वाटी आण, नेबाहत."

नेबाहत सकाळी सातपासून उभी होती. तिच्या हिरव्या सपाता फरशीवर चटचट वाजल्या. डावीचा पट्टा तुटलेला, त्याला जखमेच्या पट्टीची गाठ मारलेली. तिने चिमट्याने एकेक मूळ काचेवर मांडलं. अमास्या गावाकडची बाई ती, लहानपणापासून नखाएवढ्या भेंड्या दोऱ्यात ओवून वाळत घालणारी बोटं. होजांचा स्वतःचा हात हल्ली थरथरायचा. चहाचा पेला बशीत वाजत राहायचा. हल्ली म्हणजे आठ-नऊ वर्षं.

कोपऱ्यात हिदिर डोक्याला पट्टी बांधून बसला होता. दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा आयुष्यात पहिल्यांदाच पीत होता आणि त्याचं त्याला दुःख होतं. "याला चहा म्हणतात? यात पाय धुवा," तो पुटपुटला.

होजांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"हिच्यातही एकच."

"अशक्य!" दोन्ही जावई एकदम म्हणाले.

"का बरं अशक्य?"

दोघेही एकमेकांकडे भूत बघावं तसे बघत राहिले.

होजांचे डोळे भरून आले होते. "अरे, काप तर बघा! तोच तिरकेपणा, तीच खोली. पोरांनो, हा माझा हात आहे! दोघांनीही माझा हात उचललात!" त्यांनी दोघांच्या गालांचे मुके घेतले. मग खुर्चीकडे पाहिलं. ती अजूनही एकच होती.

"हिदिर एफेंदी, आता तूच सांग बाबा. हलका हात कुणाचा?"

"हिदिरकाका, नीट आठवा हं," तायफुन म्हणाला. "डावीकडे जरासुद्धा दुखलं नाही ना?"

"काका, नवे केस आले की कंगवा माझ्याकडून," लेवेंत म्हणाला.

"कंगवा कशाला? दोनशेच तर येणार. एकेकाला नाव ठेवीन मी." हिदिरने पेला खाली ठेवला. "होजा, पालथ्या पडलेल्या माणसाला काय दिसणार? तोंड पलंगाच्या भोकात. खाली फरशी आणि जोडे."

"कुणाचे जोडे?"

"पहिल्या खेपेला टोकदार, चकचकीत. ते खिडकीशी उभे होते. दुसऱ्या खेपेला पांढरे, धावायचे. ते स्टुलावर बसून पाय हलवत होते, फोन चालू होता."

"आणि डोक्याशी?"

"डोक्याशी दोन्ही खेपेला हिरव्या सपाता. डाव्या पट्ट्याला गाठ."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नेबाहतने डावा पाय उजव्याच्या मागे लपवला.

"लाज वाटते का रे?" होजा गरजले. "माझ्या दवाखान्यात? चाळीस वर्षं मी या हाताने..." त्यांनी हात वर केला. तो थरथरत होता.

"ओरडू नका होजा, डोकं ठणकतंय," हिदिर हळूच म्हणाला. त्याने आपल्या डाव्या भुवईवरून बोट फिरवलं. सहा वर्षांपूर्वी चहाच्या वाफेने ती भाजून गेली होती. मग होजांनी ती नव्याने रोवली. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ती दाखवायचे. "हिच्यासाठी मागचे केस काढलेत ना, तेव्हाही तुमचे तपकिरी जोडे खिडकीशीच होते. डोक्याशी याच सपाता."

"तेव्हा पट्टा तुटला नव्हता," नेबाहत घाईघाईने म्हणाली. जणू तेवढंच चुकलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच पट्टीची गाठ सुटली. ती बांधायला कुठेतरी टेकावं लागणार होतं. खोलीत रिकामी खुर्ची एकच होती, तपकिरी चामड्याची. नेबाहतने ती ओढली, बसली, वाकून सावकाश गाठ मारली.

तिला ऊठ म्हणायला कुणाचंच तोंड उघडलं नाही.