अर्ध्या राज्यातली माणसं

महाराज, तुम्ही लबाड आहात. राजपुत्रानं राक्षस मारला म्हणून खुशीत येऊन तुम्ही त्याला अर्धं राज्य देऊन टाकलंत. गोष्टीत लग्नाच्या पंगतीचं वर्णन पुस्तकाची दोन पानं भरून आहे. त्या अर्ध्यात राहणाऱ्यांना एक ओळ नाही.

माझ्या तरी कुठं लक्षात आलं होतं? नवीन पनवेलमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी माझ्या मुलीला, समृद्धीला, परीकथा वाचून दाखवत होतो. आमचं गाव प्रकल्पात सपाट झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेले माझे वडील, आबा, एकदम उठून बसले.

"त्या अर्ध्यातल्या मानसांना कोनी इचारलं का रं?"

"आबा, गोष्ट हाय ती. राक्षस खोटा, सगळंच खोटं."

"राक्षस खोटा आसंल. राजा खरा हाय."

समृद्धी हसली. "आबा, त्यांना नोटीस आली असेल!"

"आली आसंल ना, बाय. चिंचेला डकवली आसंल. मंग चिंच पन तोडली आसंल."

त्यानंतर आबांनी एकच धोशा लावला, "मला मरायला गावच्या वेशीवर ने." वेस सिमेंटखाली गेलेली. कुठं नेणार होतो? चैत्रात ते इथंच, पलंगावर गेले.



काल दिवेलागणीला दार वाजलं. समृद्धीनं उघडलं आणि मला हाक मारली, "बाबा, आबा आलेत. त्यांच्यामागं जिनाभर माणसं आहेत, माझ्या पुस्तकातल्यासारखे कपडे घातलेली. सगळे घरचा रस्ता विचारतायत."

महाराज, दार अजून उघडंच आहे. काय सांगू त्यांना? बोला.