ट्यूबचे बूट

आफरीनने बंद टपरीखाली हात घातला आणि रबरी बूट बाहेर ओढले. दोन्ही पाण्याने भरलेले होते. असं आजवर कधीच झालं नव्हतं. दोन पावसाळे ती हे बूट इथे लपवत आली होती, आणि दर वेळी ते आतून कोरडे निघाले होते.

बूट अब्बांनी केले होते. चांदसाब विजापूर रोडवर पंक्चर काढायचे. सोलापुरात पाऊस पडून पडून पडणार किती? पण जेवढा पडे तेवढ्यात आफरीनच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या व्हायच्या. जुळे सोलापूरच्या कॉलेजपर्यंत सायकल, वरून पाऊस आणि खालून चाकाने उडवलेलं पाणी. चांदसाबनी ट्रकची जुनी ट्यूब कापली, सोल्युशनने चिकटवली, चपलेवरून चढवता येतील असे दोन बूट केले आणि घोट्याला पट्ट्या लावल्या. मग सवयीने त्यांची तोंडं मुठीत आवळून ते घमेल्यातल्या पाण्यात दाबले. एकही बुडबुडा आला नाही. त्या दिवशी स्वारी इतकी खूश होती की येईल त्या गिऱ्हाइकाला बूट दाखवत होती.

बूट दिसायला भयंकर होते, हे मात्र कबूल करायला हवं. काळे, बेढब, ठिगळांचे. कॉलेजच्या दारात पायलने एकदाच विचारलं, "आफरीन, पंक्चर काढायला आलीस काय गं?" सगळ्या हसल्या. आफरीनही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती अलीकडच्या कोपऱ्यावर, बंद टपरीपाशी उतरायची, बूट काढून खाली सारायची आणि उरलेला रस्ता भिजत जायची. परतताना पुन्हा चढवायची. चिखल्या व्हायच्या त्या होतच राहिल्या. त्या तिने घरात मोज्यांखाली झाकल्या.

संध्याकाळी ती दुकानापाशी उतरली की अब्बा विचारायचे, "पैरां सुके हैं ना, बेटी?"

"हौ अब्बा," ती म्हणायची.

ते मान डोलवायचे आणि पुन्हा ट्यूब घासायला लागायचे.

बूट आतून कोरडे कसे राहतात, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. आत पांढरी पावडर असायची, पण ती तर ट्यूबला मुळातच असते. पंक्चरवाल्याच्या लेकीला हे कुणी सांगावं लागत नाही.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर चांदसाबच्या तळपायाला खिळा लागला. शुगर होती. त्यांनी तो पाय चार दिवस कुणाला दाखवलाच नाही. आधी अंगठा काढला, मग घोट्यापर्यंत कापावं लागलं, आणि दिवाळीच्या आत माणूस गेला. जखमेत चिखल होता, असं डॉक्टर म्हणाले होते. अम्मी अजून तेच धरून बसली आहे. दुकान उंचावर, फरशी कोरडी, काम दिवसभर बसून. मग या माणसाचा पाय चिखलात गेला कुठे? पाऊस लागला की दुपारी तासभर दुकान बंद करून ते जायचे खरे, सामान आणायला म्हणून. सामान काही कधी दिसलं नाही.

आज सकाळी यंदाचा पहिला पाऊस लागला तेव्हा अम्मीने बूट दाराशी आणून ठेवले. संध्याकाळी विचारणारं कुणी नव्हतं. तरी आफरीनने ते घातले. आणि कोपऱ्यावर आल्यावर, स्वतःचाच राग येत असताना, काढले.

आता ती बूट उपडे करून पाणी ओतत उभी होती. समोरच्या गाड्यावरून निंगव्वा बघत होती. पावसाळ्यापुरती अक्कलकोटकडून येऊन ती इथे कणसं भाजायची. दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"आज तुजा बाप आला न्हाई व्हय?" निंगव्वाने विचारलं.

आफरीनला कळेना. "माझे अब्बा? इथे?"

"पाऊस लागला की दोपारी यायचा की. बूट काडायचा, पानी वतायचा, खांद्यावरच्या फडक्यानं आतनं पुसून घ्यायचा. मग खिशातनं पुडी काडून पावडर मारायचा आन् परत हाय तितं ठिवायचा. तू सुटायच्या आत पसार." निंगव्वाने कणीस फिरवलं. "पैल्यांदा तू इसरलेला डबा घिऊन आलता. तू बूट काडताना दिसलीस. हाक बी मारली न्हाई, डबा घिऊन तसाच माघारी गेला."

तो दिवस आफरीनला आठवला. डबा घरीच होता आणि अब्बा म्हणाले होते, दुकानात गर्दी होती, आणायला जमलं नाही.

"म्या म्हनलं, पोरीला बोल की," निंगव्वा सांगत होती. "तर म्हनला, नको. तिला कळलं तर उद्यापासनं घालायचीच न्हाई. आता अर्दी वाट तरी पाय कोरडे ऱ्हात्यात."

आफरीन टपरीच्या फळीला धरून रडू लागली. निंगव्वा घाबरून गाड्यामागून बाहेर आली. काय झालं, बाप बरा हाय न्हवं, असं विचारू लागली. आफरीनला ते सांगता येईना. रडता रडता तिने एवढंच विचारलं, "मावशी, ते यायचे तेव्हा त्यांच्या पायात काय असायचं?"

"काय असतंय? चपला. त्या बी हातात. चिखलात पट्टा तुटंल म्हनून अनवानीच यायचा."