कमरेएवढी माती

लातुरात कोचिंग क्लास चालवून मोठा झालेल्या अमरेशनं निलंग्याजवळच्या शेतात जुन्या पद्धतीचं, मातीच्या छताचं माळवदाचं घर बांधलं आणि वास्तुशांतीला आईला, कमलम्माला आणलं. "अव्वा, वर कमरेएवढी माती टाकलीय. उन्हाळ्यात बघ, कसं गारेगार राहतं." कमलम्मा उंबऱ्याबाहेरच थांबली. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा अमरेश वसतिगृहात होता. माळवदाखाली मेलेल्या लेकीला तिनंच उकरून काढलं होतं. "गळायचं म्हणून दरसाल मीच माती चढवत होते. तीच माती तुझ्या बहिणीच्या तोंडात गेली. आन् तू हौसेनं पुन्हा चढवलीस?" अमरेश पुढं झाला. "हे मजबूत हाय, अव्वा. इंजिनिअरनं..." "इंजिनिअरला झोपव आत," म्हणत घरात खेळणाऱ्या नातीला बाहेर बोलावून ती लिंबाखाली बसली. अमरेश ताट घेऊन आला. तिनं बाजूला सारलं. "आधी माती उतरव. मग जेवते." पंगत तशीच सोडून अमरेशनं फावडं मागवलं.