मेव्हणीचं पुढचं दार

आमच्या बार्ले गावात हॉलंड-बेल्जियमची सीमा घरांमधून जाते. ज्या घराचं पुढचं दार ज्या देशात, ते घर त्या देशाचं. बायको वारली त्या आठवड्यात मेव्हणी कोरी बायकोची सायकल ‘दोन दिवसांकरता’ घेऊन गेली. वर्ष झालं, परत देईना. शेवटी मी हॉलंडच्या कोर्टात दावा लावायला गेलो. कारकुनाने नोंदी पाहिल्या. “ज्याच्यावर दावा लावायचा, तो राहतो तिथल्याच कोर्टात लावावा लागतो, आजोबा. बाईंनी गेल्याच महिन्यात पुढचं दार बेल्जियमच्या बाजूला नेलंय.” परतलो तर कोरी नव्या दारात उभी. “भावोजी, बेल्जियमच्या कोर्टात गेलात, तर दार पुन्हा हलवेन! गवंडी घरचाच आहे.” माझं लक्ष भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे होतं. माझ्या ठेंगण्या बायकोसाठी मी खाली बसवलेली सीट कोरीने वीतभर वर चढवली होती.