ताईच्या आवडीचं

मला गहू सोसत नाही, हे माझ्या नेलिदाताईला कायम नाटक वाटायचं. रोसारिओला तिच्याकडे रविवारी जेवायला गेले की ती माझ्या मक्याच्या पोलेंतात गुपचूप मूठभर कणीक ढकलायची. मग मी पोट धरून संडासात आणि बाहेरून ही ओरडणार, "ऊठ गं महाराणी, एवढ्याशा कणकेनं कुणी मरत नाही!"

हल्ली तीच पोट धरून असते, पार वाळलीय. मी दर रविवारी तिच्या आवडीच्या मेदियालुना नेते, चंद्रकोरीच्या आकाराच्या लोणीदार पावरोट्या, गव्हाच्या, गरमागरम. "पोटची पोरं एवढं करत नाहीत गं, ओफेलिया," म्हणत ती डोळे पुसते.



"हे दुखणं रक्तातून येतं, ताईलाही तपासून घ्यायला सांगा," असं डॉक्टरबाई मला म्हणाल्या होत्या. सांगेन की सावकाश. एवढ्याशा कणकेनं कुणी मरत नाही.