त्रेचाळीस भाग

चादरीवर इंजिनाचे त्रेचाळीस भाग होते. मी दोनदा मोजले. दादाने बाबांना बजावलं होतं, "जुन्या स्कूटरचं हे इंजिन एकट्याने जोडून दाखवा. हल्ली फार विसरता. एक जरी भाग उरला, तर उद्यापासून गॅरेजला कुलूप."

तीन तासांनी चादर रिकामी झाली. बाबांनी टाकीत पाच लिटर पेट्रोल ओतलं आणि पहिल्याच किकला इंजिन सुरू केलं. कान देऊन त्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवला, तसा आवाज एकसारखा झाला.

"काय साहेब, उरलंय काही?"

दादा हसला. "मानलं बुवा! धूरसुद्धा नाही."

टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच द्यावं लागतं. ते जळतं, म्हणून थोडा धूर हवाच. नाहीतर पिस्टन जाम होतो. मी इंजिन बंद केलं.

"बाबा, ऑइल घातलंत ना?"

"चाळीस वर्षं घालतोय. आता तू शिकव मला!"

सकाळी आणलेल्या ऑइलच्या अर्ध्या लिटरच्या डब्याचं झाकण उघडलेलं होतं. पाच लिटर पेट्रोलसाठी त्यातलं शंभर मिलिलिटर कमी व्हायला हवं होतं. मी डबा मापात ओतला.

पाचशे मिलिलिटर भरलं.