पानमळ्यातला विटाळ

खुशालरावनं नागवेलीचं पान उलटं केलं अन् कोणाचं उष्टं हाती आल्यासारखं तोंड केलं. पानावर काळे ओले डाग, भोवती पिवळी कडी. बोट लावलं तं डाग शेंबडासारखा बोटाले चिकटला. अख्खी ओळ तशीच.

"विटाळ झाला," ते म्हणाले.

शेजारच्या मळ्याचे नत्थुजी कुंपणाशी उभेच होते. त्यायनं लगेच मान हलवली. दुसऱ्याच्या मळ्यात रोग दिसला का नत्थुजीले सकाळचा चहा लागत नसे.

अंजनगावात पानमळा म्हणजे देऊळ. चपला बाहेर. पाळीतली बाई फाटकाच्याही बाहेर. पान उकिरड्यावर फेकणं पाप, म्हणून खुशालराव सडकी पानंही वेलीच्या बुडाशीच सरकवत. तिथं त्याचा काळा, वास मारणारा गाळ झाला होता. त्या गाळात अनवाणी फिरणं, हे मात्र सोवळं.

त्यायची सून प्रणाली, मूर्तिजापूरची. तिनं बुडचा गाळ हातावर घेऊन सांगून पाहिलं, का ही बुरशी होय. बुडच्या सडक्या पानात वाढते, पाणी देलं का उडून वर येते. पानावर बसून जहर सोडते. जहर पुढं पसरते, पान पिवळं पाडून मारते, मंग बुरशी ते मेलेलं निवांत खात बसते. पहिले बुडची पानं जाळा, म्हणे. नत्थुजीनं ऐकूनच तोंडातला खर्रा थुंकला. तो वेलीच्या बुडाशीच पडला. त्याचा विटाळ कोणालेच झाला नाही.

खुशालराव म्हणाले, लक्ष्मी जाळणारी सून मले नाही पाहिजे. मागच्या आठवड्यात पानं खुडाले हीच आत आली होती. पाळीत आली अन् लपवलं. मळा बरा होईस्तोवर हिनं माहेरीच राहावं. प्रणालीचा नवरा नितेश अंगठ्यानं माती उकरत राह्यला. सासू जमुनाबाईनं पदर नाकाले लावला, गाळापायी का बोलण्यापायी, कोण जाणे.

"सगळ्याइसमोर सांग," खुशालराव म्हणाले, "कवा आली तुले पाळी?"

सासऱ्यानं सुनेले असं विचारलं तरी कोणी खाली पाहिलं नाही. नत्थुजीनं तं कान कुंपणाच्या आत घातला.

प्रणालीनं हाताचा चिकट गाळ पुसला.

"पोळ्यापासून आलीच नाही, मामाजी. मंग नातू पाहाले मूर्तिजापूरलेच याल न?"